अक्षराचं वळण की स्पेलिंग? मध्ययुगीन इंग्रजी लेखनिक ओळखताना कशावर भर द्यायचा

समोर दोन हस्तलिखितांचे फोटो आहेत. दोन्ही पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची. लिहिणारा हात एकच की दोन, हे ठरवायचं आहे. अशा वेळी दोन वाटा असतात: अक्षरांचे आकार ताडून पाहायचे किंवा शब्दांचं स्पेलिंग. मी आधी अक्षरं पाहते, पण एका अटीवर.

‘वळण’ हा आपला शब्द इथे दोन अर्थांनी लागतो. एक वळण लिपीचं, कित्ता गिरवून आलेलं. दुसरं हाताचं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अँग्लिकाना आणि सेक्रेटरी अशा दोन लिप्या चालत. अँग्लिकानातला ‘जी’ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, ‘ए’ दोन कप्प्यांचा, ‘आर’ ओळीखाली लांब उतरणारा. सेक्रेटरीतला ‘ए’ एका कप्प्याचा, ‘आर’ आखूड, ‘जी’च्या डोक्यावर शिंगं. त्यामुळे ‘दोन्हीकडे आठासारखा जी आहे’ यावरून एवढंच कळतं की दोघांचा कित्ता एक होता. नवशिका हमखास इथेच फसतो.

हाताचं वळण बारकाव्यात सापडतं. ‘जी’ची शेपटी वळून पुन्हा मिळते की उघडी राहते? ‘डब्ल्यू’चे उंच फाटे कुठे जोडलेत, पेन कुठे उचललंय? ‘एस’चे दोन-तीन प्रकार एकच माणूस वापरतो, मग शब्दाच्या शेवटी कोणता येतो? एकेका पानावरचे वीस ‘जी’, वीस ‘डब्ल्यू’, वीस ‘वाय’ कापून रांगेत लावा. एखादं झोकदार अक्षर जुळलं म्हणून हरखून जाऊ नका. रांगच्या रांग जुळायला हवी. आय, एम, एन, यू मात्र सोडून द्या. ती नुसती आखूड उभ्या दांड्यांची अक्षरं, त्यांत हात दिसायला फार कमी जागा.

स्पेलिंगचा फायदा वेगळाच आहे. त्या काळी प्रमाण स्पेलिंग नव्हतं, जो तो आपल्या बोलीप्रमाणे लिही. इंग्रजी ‘सच’ (such, म्हणजे ‘असा’) या शब्दासाठी लंडनकडे ‘स्विच’ दिसतं, तर उत्तरेकडे ‘स्लिक’. १९८६ साली मॅकिंटॉश, सॅम्युएल्स आणि बेन्स्किन यांनी अशा रूपांचा चार खंडांचा नकाशासंग्रह काढला. लेखनिक कुठल्या भागातला, हे विचारायचं तर यासारखं साधन नाही. पण तो कोण, हे विचारलं की अडचण येते. नक्कल करणारा कधी मूळ रूपं तशीच ठेवतो, कधी सगळं आपल्या बोलीत आणतो, कधी अर्धंमुर्धं. शिवाय चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीने कॅंटरबरी कथांमध्ये दोन विद्यार्थ्यांच्या तोंडी मुद्दाम उत्तरेची बोली घातली आहे. तिथलं ‘स्लिक’ लेखनिकाचं नव्हे, कवीचं.

याच कथांची हेन्गर्ट आणि एल्समिअर ही दोन हस्तलिखितं घ्या. पहिलं वेल्समध्ये अबेरिस्टविथला, उंदरांनी कडा कुरतडलेलं, साधं. दुसरं कॅलिफोर्नियात हंटिंग्टन ग्रंथालयात, मोठं, यात्रेकरूंच्या २३ चित्रांनी सजलेलं. १९७८ मध्ये डॉयल आणि पार्क्स यांनी दोन्हींचा हात एकच ठरवला आणि त्याला ‘स्क्राइब बी’ (लेखनिक बी) म्हटलं. पुढे रॅम्सी यांनी स्पेलिंगसारख्या तपशिलांतले फरक दाखवून हे दोन वेगळे लेखनिक असल्याचं मांडलं. त्यावर सॅम्युएल्स यांचं उत्तर असं की एकाच माणसाची लिहिण्याची सवय काळानुसार बदलते. एकाच प्रकारच्या पुराव्यातून दोन टोकांचे निष्कर्ष निघाले. म्हणूनच मी स्पेलिंगला साक्षीला बोलावते, निकाल द्यायला नाही. दोन्हींच्या प्रतिमा ऑनलाइन फुकट पाहता येतात, स्वतः ताडून बघाच.

आता अट. हात एक आहे हे अक्षरं सांगू शकतात, पण नाव सांगायला त्यांना भरपूर नमुना लागतो. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या, चॉसरचा समकालीन कवी गॉवर याच्या हस्तलिखितात पाच हात आहेत. त्यांतली थोडीशीच पानं टॉमस हॉक्लीव्हची, तरी ते नाव पक्कं मानलं जातं, कारण त्याने स्वतःच्या कविता स्वतः लिहून काढलेली तीन हस्तलिखितं शिल्लक आहेत. त्याच पाच हातांत स्क्राइब बीचाही हात आहे. त्याला लिन मूनी यांनी २००४ मध्ये ॲडम पिंकहर्स्ट हे नाव दिलं. आधार मुख्यतः लंडनच्या लेखनिक-संघाच्या वहीतली त्याची शपथनोंद. ती छोटी, ठेवणीतल्या अक्षरातली आणि लॅटिन. लॅटिनला थॉर्न हे (जुन्या इंग्रजीत ‘थ’साठी वापरलं जाणारं) अक्षर लागतच नाही, डब्ल्यूही क्वचितच. म्हणजे इंग्रजी मजकुरात हात ओळखायला सगळ्यात कामाची अक्षरंच तिथे हाती लागत नाहीत. जेन रॉबर्ट्स यांनी २०११ मध्ये या ओळखीवर शंका घेतली, लॉरेन्स वॉर्नर यांनी २०१८ मध्ये तर ती नाकारलीच. मला शंकेची बाजू पटते. यादी करायची वेळ आली तर हेन्गर्ट आणि एल्समिअर या दोन्हींपुढे मी ‘स्क्राइब बी’ लिहीन आणि पिंकहर्स्टपुढे प्रश्नचिन्ह ठेवीन.