कोल्हापूरच्या गच्चीवर घटपर्णी: खासी घ्यावी की व्हेंट्राटा?

घटपर्णी म्हणजे पानांच्या टोकाला घट धरून त्यात किडे पचवणारी वनस्पती. आपल्याकडे तिची खरी परीक्षा एप्रिलमध्ये होते. पावसाळाभर कोल्हापूरची हवा तिला मानवते. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे सरकतो, हवा सुकते आणि पानं येत राहिली तरी त्यांच्या टोकाला घट धरत नाहीत.

खासी ही भारतातली एकमेव घटपर्णी, मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवरची. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी, म्हणजे भुताची टोपली म्हणतात. तिथल्या जमिनीत नत्र जेमतेम, म्हणून ती घटात पडलेले किडे पचवून ते मिळवते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सीतेची आसवं फुलतात ना, तीही मांसाहारीच, आणि कारणही हेच. आपली डिसेंबरची थंडी खासीला सहज सोसते. पण मूळ जागी खाणींनी, झूम शेतीने (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीने) आणि उपटून विकणाऱ्यांनी तिची दशा केली आहे. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आवर घालणाऱ्या सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात ती आहे, आपल्या वन्यजीव कायद्याचंही तिला संरक्षण आहे. रोप बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत रोपाच्या तुकड्यापासून) तयार केल्याचे कागद विक्रेत्याने दाखवले नाहीत, तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. जंगलातून उपटलेलं एक रोपही मला पटत नाही.

व्हेंट्राटा हा व्हेंट्रिकोसा आणि अलाटा या फिलिपिन्समधल्या दोन जातींचा संकर. फांदीच्या छाटाने वाढतो, त्यामुळे रोपवाटिकांत मिळतो आणि जंगलाला धक्का लागत नाही. घट लालसर, कमरेत बारीक. कोरडी हवा इतर घटपर्णींपेक्षा बरी सोसतो.

बोर्निओच्या किनाबालू पर्वतावरच्या ‘राजा’ या घटपर्णीचे फोटो पाहून मोह होतो. पण तो १५०० ते २६५० मीटर उंचीवर, थंड रात्रींत वाढतो. इथे नको.

दोन्हींना पाणी मात्र पावसाचंच. पहिल्या वर्षी मी बोअरचं घातलं आणि महिन्या-दोन महिन्यांत पानांच्या कडा करपल्या. आता जूनपासून पिंपं भरून ठेवते. काळी माती आणि शेणखत दोन्ही टाळा. क्षार जाईपर्यंत धुतलेलं कोकोपीट आणि परलाइट (पांढरे, हलके खडे) पुरे. सकाळचं ऊन, दुपारी शेडनेट. घटातलं पाणी ओतू नका, त्यातच तिचं पचन चालतं.

पहिलंच रोप असेल तर व्हेंट्राटा घ्या, आणि जूनमध्ये घ्या, म्हणजे एप्रिल यायच्या आत मुळं धरलेली असतील.