मोफत बीच रिसॉर्टचं कूपन आणि सव्वा लाखाचा करार

पुण्यात मॉलच्या पार्किंगपाशी, पेट्रोल पंपावर, ग्राहकपेठेसारख्या प्रदर्शनांच्या दारात एक टेबल मांडलेलं असतं. दोन हसतमुख मुलं "लकी ड्रॉ आहे, फक्त फॉर्म भरा" म्हणत पुढे येतात. फॉर्मवर नाव आणि मोबाइल नंबर तर असतोच, पण त्याखाली नवरा-बायको दोघांचा व्यवसाय, वय, गाडी कोणती आणि क्रेडिट कार्ड आहे का, हेही विचारलेलं असतं. सोडतीच्या चिठ्ठीला क्रेडिट कार्ड कशाला लागतं, हे त्या मुलांना तिथेच विचारा. तो फॉर्म सोडतीचा नसतो, गिऱ्हाईक निवडायचा असतो. आमच्या घरचे सव्वा लाख रुपये त्या कागदापासून गेले. ते कसे गेले हे सविस्तर लिहिते आहे, कारण हे प्रकार आजही चालू आहेत आणि सिंहगड रोड, कोथरूड, हडपसर भागातल्या ओळखीच्या घरांतून मला अशीच हकीकत ऐकायला मिळाली.

काही दिवसांनी फोन येतो. "अभिनंदन मॅडम, तुम्हाला बीच रिसॉर्टची तीन रात्री चार दिवसांची फॅमिली ट्रिप लागली आहे. व्हाउचर घ्यायला या." अट अशी की नवरा-बायको दोघांनी एकत्र यायचं आणि येताना क्रेडिट कार्ड आणायचं, "फक्त ओळखीसाठी". दोघांना बोलावण्यामागे कारण आहे. एकटं माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून उठू शकतं. दोघं समोर असली की ती वाट बंद होते.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं मांडलेली होती. मोठ्या आवाजात गाणी लावलेली, मुलांना कोपऱ्यात रंगवायला कागद दिलेले. मधूनच माइकवरून "अमुक फॅमिलीचं स्वागत करू या" अशी घोषणा व्हायची आणि टाळ्या पडायच्या. आमच्या टेबलावरचा मुलगा अतिशय गोड बोलणारा होता. वर्षाला फिरण्यावर किती खर्च करता, असं विचारून त्याने कोऱ्या कागदावर त्या आकड्याला २५ वर्षांनी गुणलं, वर महागाई धरली आणि एक प्रचंड रक्कम काढली. मग आमच्या शेजारी सरकून त्याने एकेक ओळ लिहायला सुरुवात केली: खोली, नाश्ता, दोन्ही जेवणं, संध्याकाळचा चहा, पूल, मुलांसाठी खेळाची खोली, वॉटर स्पोर्ट्स. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. खाली इंग्रजीत "ऑल इन्क्लुझिव्ह" लिहून त्याभोवती पेनाने दोनदा गोल केला.

हे सगळं दरवर्षी मिळवून देणाऱ्या कंपनीच्या मेंबरशिपची किंमत साडेतीन लाखांवरून सुरू झाली. आम्ही नको म्हटलं की तो "मॅनेजर सरांशी बोलतो" म्हणून जायचा, नवा माणूस यायचा आणि आकडा खाली यायचा. शेवटी सव्वा लाख, "पण हा दर आजचाच, या हॉलच्या बाहेर पडलात की संपला". तोवर मुलांना भूक लागलेली, आम्ही तासन्‌तास बसलेले. कार्ड आधी स्वाइप झालं, पैसे हप्त्यांत बदलून घेतले गेले, आणि मग सह्यांसाठी कराराचं शेवटचं पान पुढे आलं. पूर्ण करार "वेलकम किटबरोबर कुरिअरने" येणार होता. आम्ही उठलो तेव्हा त्या मुलाने टेबल आवरता आवरता तो गोल केलेला कागद घडी घालून आपल्या फायलीत टाकला. नवऱ्याने मागितला तर म्हणाला, "सर, हे रफ आहे, सगळं किटमध्ये येतंच."

या धंद्यात तो कागद फार महत्त्वाचा आहे. विकणारा माणूस लिहून देतो, पण लिहिलेलं तुमच्या हातात राहू देत नाही. कुणी तुमच्यासमोर असा कागद भरत असेल, तर त्याच क्षणी मोबाइलने फोटो काढा. शक्य असेल तर त्याच्याकडून त्यावर तारीख आणि सही घ्या. त्याने टाळाटाळ केली की तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

किट आलं तेव्हा त्यात बारीक अक्षरांतली पुस्तिका होती. कंपनीच्या माणसांनी तोंडी दिलेल्या कोणत्याही आश्वासनाला कंपनी बांधील नाही, असं तिच्यात एक कलम होतं. रद्द करायचं असेल तर सही केल्यापासून सात दिवसांत कळवायचं, त्यातही मोठी कपात. किट पोचलं तेव्हा ते सात दिवस उलटून गेले होते. म्हणजे ज्या अटीने बाहेर पडता आलं असतं, ती अट वाचायला मिळेपर्यंत तिची मुदत संपलेली. असे करार युरोपीय संघाच्या देशांत झाले तर ग्राहकाला कारण न देता माघार घ्यायला १४ दिवस मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे आधी पैसे भरून दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क विकणाऱ्या अशा करारांसाठी, तसा वेगळा कायदा नाही, आणि ही मंडळी नेमकी त्याच फटीत दुकान थाटून बसली आहेत.

तरीही ट्रिप करून पाहू, म्हणून तारखा मागितल्या. दिवाळी नाही. नाताळ नाही. मे महिना नाही. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली तर तेही नाही. या सगळ्या "ब्लॅकआउट डेट्स". पुण्यात शाळेत जाणारी मुलं असलेलं कुटुंब एरवी कधी समुद्रावर जाणार? फॅमिली ट्रिप म्हणून विकायचं आणि कुटुंबाला जाता येईल ते दिवस कॅलेंडरवरून आधीच खोडून ठेवायचे. शेवटी मुलांच्या शाळा बुडवून, मधल्या वारी, दापोली तालुक्यातल्या एका रिसॉर्टचं बुकिंग मिळालं. सासूबाईही बरोबर होत्या. त्यांनी वर्षानुवर्षं समुद्र पाहिला नव्हता आणि या सगळ्यात त्यांचा आनंद मला सर्वांत मोठा होता.

ताम्हिणी उतरून माणगाव, मंडणगड करत आम्ही पोचलो. रिसेप्शनच्या काउंटरवर लॅमिनेट केलेलं दरपत्रक होतं. जेवणाचा प्लॅन सक्तीचा: मोठ्यांना दिवसाला १,६०० रुपये, मुलांना ९००, कर वेगळा. बाहेरचं खाणं आत आणायला मनाई. व्हाउचर दोन मोठे आणि दोन मुलांचं, त्यामुळे सासूबाईंच्या गादीचे पैसे वेगळे. वर "युटिलिटी चार्जेस" नावाची एक ओळ, म्हणजे वीज आणि पाणी. पूल फुकट, पण पुलात उतरायला नायलॉनचाच पोशाख हवा, आणि तो तिथूनच भाड्याने. मुलांची खेळाची खोली कुलूपबंद, किल्ली तासाच्या हिशेबाने. वॉटर स्पोर्ट्सचा रिसॉर्टशी संबंधच नव्हता, ते किनाऱ्यावरच्या स्थानिक मुलांचे होते. आम्हाला जेवढं द्यावं लागलं, जवळपास तेवढ्यात त्याच गावातल्या एखाद्या घरगुती मुक्कामी खोलीसकट माशांचं जेवण, नाश्ता, चहा सगळं झालं असतं.

मी मॅनेजरांना विचारलं, तेव्हा ते संकोचूनच बोलले, "ताई, कंपनी आम्हाला फक्त खोलीचं भाडं देते. ते तुम्हाला काय सांगतात हे आम्हाला माहीत नसतं. तुमच्यासारखे आणखीही येऊन भांडून जातात." हॉलमध्ये ज्यांचे चकाचक फोटो दाखवले, त्यांतलं एकही रिसॉर्ट त्या कंपनीच्या मालकीचं नव्हतं. म्हणून सांगते, सही करण्याआधी यादीतल्या कोणत्याही दोन रिसॉर्टना स्वतः फोन लावा. नंबर कंपनीने दिलेला नको, स्वतः शोधलेला हवा. या कंपनीच्या सभासदांना तुम्ही नेमकं काय देता, जेवण धरून आहे का, मेमध्ये खोली मिळते का, हे विचारा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते करू नये म्हणूनच "आजचाच दर" असतो.

परत आल्यावर मेल केले. उत्तर एकच: कलम अमुक पाहा. शिवाय वार्षिक देखभाल शुल्काची मागणी आली, जी त्या गोल केलेल्या कागदावर कुठेच नव्हती. मग ग्राहक चळवळीत आयुष्य घातलेल्या एका ज्येष्ठ काकांना करार दाखवला. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली ती याच पुण्यात, आणि अशी जाणकार माणसं इथे अजून आहेत, हे आपलं भाग्य. करारात लिहिलं होतं की वाद फक्त परराज्यातल्या न्यायालयात आणि लवादापुढे चालेल. काका म्हणाले, "याला घाबरायचं नाही." ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाचा हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायला हवी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवावी. आम्ही तेच केलं. कार्ड नुकतंच स्वाइप झालं असेल तर बँकेला त्याच दिवशी लेखी कळवून व्यवहारावर आक्षेप नोंदवा, थांबू नका.

याहून वाईट गोष्ट पुढेच घडली. एका माणसाचा फोन आला, त्याला आमचा सभासद क्रमांक, रक्कम, तारीख, सगळं ठाऊक होतं. "तुमची मेंबरशिप विकून पूर्ण पैसे परत मिळवून देतो, फक्त एनओसी आणि जीएसटीचे २२ हजार आधी भरा." हा दुसरा फास आहे. पैसे बुडालेला माणूस ते परत मिळवायला धडपडत असतो, हे ओळखून टाकलेला. आम्ही दिले नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी दिले, आणि त्यानंतर तो नंबर लागला नाही. पेन्शनीतून साठवलेल्या पैशांवर असा हात मारताना या लोकांना काहीच वाटत नाही, याचा मला आजही संताप येतो. असे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आमची तक्रार पुणे जिल्हा आयोगात दाखल झाली आहे, निकाल यायचा आहे. त्याच कायद्याच्या कलम ३५ नुसार एकाच प्रकारे फसलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. तुम्हीही अशाच हॉलमध्ये सही केली असेल, तर करार, कार्डाची पावती, किटच्या कुरिअरचा तारखेचा शिक्का असलेलं पाकीट आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जपून ठेवा. विशेषतः ते पाकीट फेकू नका. किट सात दिवसांनंतर पोचलं, याचा पुरावा आमच्याकडे तोच आहे.