वॉलपेपरवरचं कॅलेंडर: दोन महिने वापरून

सदाशिव पेठेत माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. 7 ला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं, शिवाय मध्येच एखाद्या गुरुवारी पाणी बंद. फोन आठवण करतो, पण समोर क्लायंट बसलेला असला की मी तो गप्प करतो आणि विसरतो. म्हणून संगणकावर विंडोजऐवजी असलेल्या उबंटू लिनक्सच्या वॉलपेपरवरच तारखा आणल्या.

जीकॅलसीएलआय नावाचा प्रोग्राम गूगल कॅलेंडरमधली यादी काढतो, इमेजमॅजिक हा दुसरा प्रोग्राम ती फोटोवर लिहितो आणि जीसेटिंग्ज या आज्ञेची एक ओळ वॉलपेपर बदलते. सगळं फुकट. हे सगळं ओळीने करवणारी स्क्रिप्ट जेमतेम पंधरा ओळींची.

घाम फुटला तो मराठीने. पहिल्याच दिवशी पडद्यावर 'वाढदविस' आलं! सौ. म्हणाली, "तुमच्या शुद्धलेखनाचा आता जाहीर फलक लावलाय का?" मी मजकूर इमेजमॅजिकच्या साध्या अ‍ॅनोटेट या पर्यायाने लिहीत होतो, त्यामुळे वेलांटी आपली जागा सोडून पुढे सरकत होती. तोच पँगो या अक्षरं नीट जुळवणाऱ्या लायब्ररीकडे दिला, फॉन्ट लोहित देवनागरी ठेवला, आणि जोडाक्षरंसुद्धा सरळ झाली.

दुसरी गंमत म्हणजे डार्क थीम चालू असेल तर नोममध्ये, म्हणजे उबंटूच्या डेस्कटॉपमध्ये, वॉलपेपरची 'पिक्चर-यूआरआय' ही किल्ली (सेटिंग) बदलून काहीच दिसत नाही. तिची 'डार्क' जोडीदार किल्लीही बदलावी लागते. यात माझा अख्खा रविवार गेला.

टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती असेल तर या वाटेला जाऊ नका, भिंतीवर कालनिर्णय आहेच. माझं म्हणाल तर स्प्रेडशीट मिनिमाइज केली की उजव्या कोपऱ्यात लाल 20 दिसतो, आणि चहा बाजूला ठेवावा लागतो.