केशरोपणानंतर मैदानात परतायचंय: एफयूई की स्ट्रिप?

केशरोपण करायचं ठरलंय, पण कुस्ती, क्रिकेट किंवा जिम सोडायची नाही? मग पद्धत निवडताना कपाळापेक्षा मानेचा विचार आधी करा. पुढे रोवलेल्या ग्राफ्टचं, म्हणजे मुळासकट काढलेल्या केसांच्या बारीक पुंजक्यांचं, वेळापत्रक एफयूई (पुंजके एकेक करून काढणं) आणि स्ट्रिप (त्वचेची पट्टी कापून काढणं) या दोन्ही पद्धतींत सारखंच असतं. फरक पडतो तो डोक्याच्या मागे, जिथून केस काढतात तिथे.

ग्राफ्ट पहिले काही दिवस सैल असतात. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ते पक्के बसतात, खपल्याही गळतात. तोवर डोकं खाली झुकवणं, वजन उचलणं, घाम गाळणं बंद. जोर लावला की रक्तदाब चढतो, रोवलेल्या जागेतून रक्त येतं, ग्राफ्ट उचलला जाऊ शकतो आणि कपाळाची सूज डोळ्यांपर्यंत उतरते. सपाटीवर हळू चालणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही चालतं. रक्त आलंच तर स्वच्छ गॉज हलक्या हाताने दाबून धरा, चोळू नका आणि डॉक्टरांना कळवा.

एफयूईत साधारण ०.८ ते १ मिमीच्या पंचने (गोल, पोकळ पात्याने) एकेक ग्राफ्ट काढतात. टाके नसतात, आठवड्याभरात छिद्रं मिटतात. स्ट्रिपमध्ये मागची एक-दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापून कडा ओढून शिवतात. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. इथेच बहुतेकांची फसगत होते. टाके निघाले म्हणजे जखम भरली असं नाही. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी असते, सहा आठवड्यांनी निम्म्याच्या आसपास. त्यात डेडलिफ्ट, श्रग, मानेमागे हात धरून मारलेले सिट-अप किंवा हलासन केलं की मानेची त्वचा ताणते आणि व्रण रुंदावतो. रुंदावलेला व्रण आपोआप अरुंद होत नाही.

| | एफयूई | स्ट्रिप |
|---|---|---|
| सायकलिंग, भरभर चालणं | १० दिवस | २ आठवडे |
| हलकी वजनं | २-३ आठवडे | ४ आठवडे |
| पोहणं | ४ आठवडे | ४ आठवडे |
| जड वजनं, कबड्डी | ४ आठवडे | ६-८ आठवडे |
| कुस्तीचा पूल (डोकं टेकवून मानेवर कमान), हलासन | ६ आठवडे | ३ महिने |

हा ठोकताळा आहे. तुमच्या डॉक्टरांनी जास्त थांबायला सांगितलं तर तेच खरं. क्रिकेटचं घट्ट हेल्मेट महिनाभर नको. काढताना ते पुढच्या ग्राफ्टवर घासतं, आत घाम साचून पुळ्या येतात. टाळू काही महिने बधिर राहू शकते, त्यामुळे ऊन भाजतंय हे कळतच नाही. खपल्या गेल्यावर सैल टोपी घालूनच बाहेर पडा.

आमचा कौल असा: पैलवान, कबड्डीपटू, वजन उचलणारे आणि केस बारीक ठेवणारे यांनी एफयूईच घ्यावी, कारण बारीक केसांत स्ट्रिपची आडवी रेघ लपत नाही. चालणं आणि सायकल एवढाच व्यायाम असेल, केस लांब ठेवत असाल, मागचं डोकं भादरायला नको असेल, तर स्ट्रिपही तितकीच चांगली.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रोवलेले केस गळायला लागतात. ते व्यायामाने गळत नाहीत. मूळ आत शाबूत असतं आणि तीन-चार महिन्यांनी नवा केस येऊ लागतो. तारीख ठरवताना हंगाम पाहा. जत्रांचे कुस्तीचे फड आटोपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर शस्त्रक्रिया केली तर स्ट्रिपचे तीन महिनेही दिवाळीच्या आत निघून जातात.