रेसिड्यूंमधील स्पर्श आणि कायमेराएक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नांदेड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवतो. गेल्या ऑगस्टपासून आम्ही प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांमधील अमिनो आम्लांचे, म्हणजे साखळीत गुंफलेल्या रेसिड्यूंचे, परस्परांशी होणारे स्पर्श तपासण्यासाठी कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर वापरत आहोत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील गटाने ते तयार केले असून अव्यावसायिक वापरासाठी ते विनामूल्य मिळते. आठ महिन्यांत चार प्रकल्प त्यावर पूर्ण झाले. कोणत्या कामासाठी त्याच्यावर विसंबावे आणि कोठे सावध राहावे, हे आता अनुभवाने सांगता येईल असे वाटते.

बसवण्याविषयी थोडक्यात. त्याला ओपनजीएल ३.३ किंवा त्यापुढची आवृत्ती चालवणारे ग्राफिक्स लागते. आमच्या प्रयोगशाळेतील सर्वांत जुन्या संगणकांना ते झेपले नाही, म्हणून आम्ही विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवरच काम केले. मूळ फाईल मोठी असल्याने ती एकदाच उतरवून पेनड्राइव्हवरून सर्वांना दिली. रचनांच्या फाईली मात्र लहान असतात आणि एकदा जतन केल्या की इंटरनेट नसतानाही काम चालते. दुपारी वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तास पुढे नेता येतो, आणि आमच्या भागात ही सोय फार मोलाची आहे.

अभ्यासासाठी आम्ही हिमोग्लोबिन निवडले, आणि त्यामागे कारण होते. विदर्भाप्रमाणे आमच्या जिल्ह्यातील किनवटच्या आदिवासी भागातही सिकलसेल आजार आढळतो आणि तिकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो जवळून पाहिलेला असतो. एका अमिनो आम्लाच्या बदलाने रक्तपेशीचा आकार का बिघडतो, हा त्यांच्यासाठी केवळ परीक्षेचा प्रश्न नसतो. शिवाय हिमोग्लोबिनची रचना मॅक्स पेरुट्झ यांनी उलगडली, त्यासाठी त्यांना १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि कोणता रेसिड्यू कोणाला धरून असतो हे पुष्कळ तपशिलाने माहीत असल्यामुळे आपले उत्तर बरोबर आले की नाही हे ताडून पाहता येते.

खरी अडचण पहिल्याच आठवड्यात आली आणि ती सॉफ्टवेअरची नव्हती. ‘स्पर्श’ कशाला म्हणायचे, हेच आम्ही ठरवले नव्हते. एका विद्यार्थ्याने दोन अल्फा कार्बनांमधील, म्हणजे रेसिड्यूंच्या कण्यातील मुख्य कार्बन अणूंमधील, अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी असेल तर स्पर्श मानला, आणि दुसरीने कायमेराएक्समधील ‘कॉन्टॅक्ट्स’ ही आज्ञा आहे तशी चालवली. एकाच रचनेसाठी दोघांच्या याद्या इतक्या वेगळ्या आल्या की दोघांपैकी कोणीतरी चुकले आहे असे वर्गाला वाटले. चूक कोणाचीच नव्हती. अल्फा हेलिक्समध्ये, म्हणजे साखळीच्या मळसूत्री वळणात, चार जागा पुढचा रेसिड्यू साधारण ६.२ अँगस्ट्रॉमवर असतो, त्यामुळे ८ अँगस्ट्रॉमची मर्यादा लावली की हेलिक्सने भरलेल्या हिमोग्लोबिनमध्ये शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या जोड्यांनीच यादी भरते. उलट आर्जिनिन आणि ॲस्पार्टिक आम्ल यांच्या बाजूसाखळ्या, म्हणजे कण्यातून बाहेर येणारे भाग, एकमेकींना घट्ट धरून असतात, पण त्यांचे अल्फा कार्बन बरेच दूर राहू शकतात आणि ती महत्त्वाची जोडी यादीतून निसटते.

‘कॉन्टॅक्ट्स’ ही आज्ञा केवळ अंतर पाहत नाही. दोन अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची (अणू किती जागा व्यापतो हे सांगणाऱ्या त्रिज्यांची) बेरीज घेऊन तीतून प्रत्यक्ष अंतर वजा करते आणि येणारे ‘ओव्हरलॅप’ उणे ०.४ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून अधिक असेल तर ती जोडी स्पर्शाची मानते. म्हणजे अणू एकमेकांना टेकलेले नसले, मध्ये ०.४ अँगस्ट्रॉमपर्यंत फट असली, तरी चालते. ‘क्लॅशेस’ ही तिची जोडआज्ञा ०.६ अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त घुसखोरी शोधते. हा फरक मी आता पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो, कारण बरेच विद्यार्थी दोन्ही आज्ञांची उत्तरे एकाच तक्त्यात मिसळतात.

दुसरी गोष्ट हायड्रोजनची. क्ष-किरण स्फटिकशास्त्राने मिळालेल्या बहुतेक रचनांत हायड्रोजन अणू नसतात. ते नसताना कायमेराएक्स कार्बनची त्रिज्या थोडी मोठी धरते, आणि ‘ॲडएच’ या आज्ञेने हायड्रोजन जोडले की तीच त्रिज्या कमी होते व हायड्रोजन स्वतंत्रपणे मोजले जातात. त्यामुळे हायड्रोजन जोडण्यापूर्वीची आणि नंतरची संख्या एकाच आलेखावर ठेवणे योग्य नाही. आमच्या एका प्रकल्पाचे निम्मे तक्ते याच कारणाने पुन्हा करावे लागले. तेव्हापासून प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर मर्यादा, हायड्रोजन आहेत की नाहीत आणि साखळीतील लगतच्या किती जागा वगळल्या, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय मी वही तपासत नाही.

सर्वांत मोठा धडा दोन रचनांच्या तुलनेत मिळाला. ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनची ४एचएचबी ही रचना (हा प्रथिन-रचनांच्या सार्वजनिक संग्रहातील संकेतांक) १.७४ अँगस्ट्रॉम विभेदनाची (हा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट) आहे आणि तिच्या फाईलमध्ये दोन अल्फा व दोन बीटा अशा चारही साखळ्या, एकूण ५७४ रेसिड्यू आहेत. ऑक्सिजन धरलेल्या १एचएचओ या रचनेच्या फाईलमध्ये मात्र एकच अल्फा आणि एकच बीटा साखळी आहे, आणि उरलेला अर्धा रेणू स्फटिकाच्या सममितीने तयार करावा लागतो. एका हुशार विद्यार्थिनीने दोन्ही फाईली सरळ उघडल्या, स्पर्श मोजले आणि ऑक्सिजन बांधला गेला की अल्फा-एक व बीटा-दोन, म्हणजे एका अर्ध्याची अल्फा आणि दुसऱ्या अर्ध्याची बीटा साखळी, यांच्यातील सीमारेषा पूर्ण तुटते, असा निष्कर्ष लिहिला. मांडणी सुंदर होती आणि मीही पहिल्या वाचनात तो मान्य केला. दुसऱ्या दिवशी शंका आली, कारण पाठ्यपुस्तके त्या सीमेवर एक अर्धा रेणू दुसऱ्याच्या तुलनेत साधारण १५ अंशांनी वळतो असे सांगतात, तुटतो असे नव्हे. ‘सिम’ या आज्ञेने जैविक संच, म्हणजे शरीरात असतो तसा पूर्ण रेणू, उभा केल्यावर सीमा जागच्या जागी सापडली. ऑक्सिजनरहित रचनेत बीटा साखळीतील ९९ क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल अल्फातील ४२ क्रमांकाच्या टायरोसिनला धरते, तर ऑक्सिजनयुक्त रचनेत अल्फातील ९४ क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल बीटातील १०२ क्रमांकाच्या ॲस्परॅजिनला. एक पकड सुटली आणि दुसरी बसली. ही अदलाबदल पडद्यावर पाहिली त्या दिवशी तासाची वेळ संपूनही कोणी उठले नाही.

बीटा साखळीच्या टोकावरील १४६ क्रमांकाचे हिस्टिडीन आणि त्याच साखळीतील ९४ क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल यांच्यातील सॉल्ट ब्रिज, म्हणजे विरुद्ध विद्युतभारांची पकड, ऑक्सिजनरहित रचनेत ४ अँगस्ट्रॉमच्या मर्यादेत स्पष्ट सापडतो. बोर परिणामातील (आम्लता वाढली की हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते, त्यातील) या जोडीचा वाटा शिकवताना मी पूर्वी फक्त आकृती काढत असे.

सिकलसेलसाठी आम्ही २एचबीएस ही २.०५ अँगस्ट्रॉमची रचना घेतली. येथे बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आहे आणि ते शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतील ८५ क्रमांकाचे फेनिलॲलनीन व ८८ क्रमांकाचे ल्युसीन यांच्या खळग्यात जाऊन बसते. याच स्पर्शाने रेणूंचे दोरे बनतात. दोन गोष्टींवर मात्र लक्ष हवे. जनुकीय अहवालात हाच बदल सातव्या जागेवर लिहिलेला दिसतो, कारण तेथे सुरुवातीचे मिथिओनीन मोजलेले असते. तो क्रमांक घेऊन रचनेत शोधले तर भलताच रेसिड्यू हाती लागतो. दुसरे असे की प्रत्येक रेणूत व्हॅलीन सहा दोन असले तरी या स्पर्शात त्यांपैकी एकच भाग घेते, आणि काही शेजारी रेणू फाईलमध्ये नसून सममितीने आणावे लागतात. म्हणून यादीत एखाद्या व्हॅलीनपुढे काही नसले तर लगेच ‘स्पर्श नाही’ असे लिहू नये.

हायड्रोजन बंधांसाठी वेगळी ‘एचबाँड्स’ आज्ञा आहे आणि ती अंतराबरोबर कोनही तपासते, त्यामुळे ध्रुवीय जोड्यांसाठी मी तिच्यावर अधिक भरवसा ठेवतो. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमने भाकीत केलेल्या रचनांवर स्पर्श मोजताना विश्वासांक (शंभरपैकी) ७० च्या खाली असलेले भाग आम्ही आधीच गाळतो, कारण तेथील सैल वेटोळ्यांचे स्पर्श मोजून हाती काहीच लागत नाही.

स्पर्शांचे जाळे काढून कोणता रेसिड्यू मध्यवर्ती आहे हे पाहायचे असेल, तर कायमेराएक्समधून यादी मजकूर फाईलमध्ये जतन करून सायटोस्केप या जाळी रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावी. शेकडो रचना तपासायच्या असतील तर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत जीवशास्त्रासाठीच्या बायोपायथॉन या संचातील ‘नेबरसर्च’ सोय अधिक सुटसुटीत वाटली. मात्र विद्यार्थ्याने आधी किमान एका रचनेतील दहा जोड्या कायमेराएक्समध्ये फिरवून, जवळ जाऊन डोळ्यांनी पाहाव्यात आणि मगच प्रोग्रॅम लिहावा, असा नियम मी जूनपासूनच्या नव्या तुकडीसाठी केला आहे. पहिली रचना म्हणून त्यांना १एचएचओ देणार आहे, आणि त्यात किती साखळ्या आहेत हे त्यांनी स्वतः मोजेपर्यंत पुढची आज्ञा सांगणार नाही.