शैक्षणिक नाट्याची पदव्युत्तर पदविका आणि माझ्या वर्गातली अठरा बाकं

"मॅडम, बाकं हा तुमच्या शाळेचा प्रश्न आहे, अभ्यासक्रमाचा नाही."

शैक्षणिक नाट्याची, म्हणजे नाट्यातून शिकवण्याची, पदविका मी जिथे केली त्या संस्थेच्या समन्वयकांनी मला फोनवर हे ऐकवलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मी वही ओढून लिहायला बसले. संस्थेचं नाव घेत नाही, कारण अनामत रकमेचं भांडण अजून मिटलेलं नाही. पण कोर्स कुठला, कसा, ते या क्षेत्रातल्या लोकांना लगेच कळेल. नोकरीतल्या शिक्षकांसाठी एक वर्ष, दिवाळीत आणि मेमध्ये पुण्यात निवासी शिबिर, मधल्या काळात शनिवारी ऑनलाइन तास. शेवटी प्रकल्प आणि चिंतनवही.

खर्च आधी सांगते, कारण माहितीपत्रकात तो तुकड्या-तुकड्यांत दिलेला असतो. फी 38 हजार, अनामत 3 हजार, शिबिरांचं राहणं-जेवण 11 हजार, आणि सांगली-पुणे येण्याजाण्याचे धरून एकूण 56 हजार गेले. एवढ्यात आमच्या मागच्या खोलीवरचा पत्रा बदलून झाला असता, आणि तो या पावसाळ्यातही गळतोय. पदविकेने माझ्या पगारात एक रुपया वाढलेला नाही. वाढेल असं संस्थेनेही कधी म्हटलं नव्हतं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

माझी तक्रार बाकांची आहे.

शिबिरातला हॉल मोठा, लाकडी जमिनीचा, पूर्ण रिकामा. आम्ही चोवीस शिक्षक. गोल करा म्हटलं की गोल, चार गट करा म्हटलं की चार गट. स्थिरचित्र, म्हणजे प्रसंग गोठवून तसंच उभं राहायचं, प्रश्नांची खुर्ची, म्हणजे भूमिकेत बसलेल्याला बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, दोन रांगांमधून एकाला चालवत नेऊन दोन्ही बाजूंनी त्याच्या मनातले विचार बोलायचे, हे सगळं तिथे अगदी सहज व्हायचं. माझी सातवी ब आहे वरच्या मजल्यावर. 54 मुलं, लोखंडी सांगाड्याची 18 जोडबाकं, एका बाकावर तिघं, मधली वाट दीड फुटाची. मी पट्टीने मोजली आहे. जूनमध्ये पहिल्यांदा मोकळी जागा करायला घेतली. बाकं भिंतीला लावण्यात नऊ मिनिटं गेली, परत मांडण्यात सहा. तास पस्तीस मिनिटांचा. राहिली वीस, त्यातली पाच "गप्प बसा" म्हणण्यात. लोखंडी पाय फरशीवर घासत नेल्याचा आवाज असा की खालच्या वर्गात गणित घेणारे सर जिना चढून वर आले. ते रागावले नाहीत, नुसते दारात उभे राहिले. मला फार लाजल्यासारखं झालं.

दुसऱ्यांदा मुलांना बाकं उचलून न्यायला सांगितलं. एकाचं बोट चेमटलं. त्यानंतर हेडसरांनी बाकं हलवायची नाहीत म्हणून सांगितलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

वर्षभराच्या अभ्यासक्रमात या गोष्टीवर एक तास नाही, एक पान नाही. सराव पाठ चार झाले, चारही आमचे आमच्यावरच. चोवीस मोठी माणसं मुलांचं सोंग घेऊन बसतात, दोनदा खोड्या काढतात आणि तिसऱ्या वाक्याला शहाण्यासारखं ऐकतात. खरी सातवी ब तशी नसते. "निदान दोन सराव पाठ भरलेल्या वर्गात ठेवा," एवढंच मी अभिप्रायाच्या फॉर्मात लिहिलं होतं. त्यावर फोनवरचं ते सुरुवातीचं उत्तर आलं.

शिकवलेलं मात्र पक्कं होतं, हे रागातसुद्धा मान्य करते. बालनाट्य आणि शैक्षणिक नाट्य यांच्यातला फरक आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मनावर ठसवला. सुधा करमरकरांनी 1959 साली लिटल थिएटर सुरू केलं, ती वाट मुलांसाठी चांगलं नाटक करण्याची. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने 1965 मध्ये कलाकारांचा गट शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली, ती वाट वेगळी. तिथे मुलांनाही प्रसंगात ओढून घेतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची अशा कामाची तुकडी 1989 पासून आहे. आणि तिसरी वाट डोरोथी हेथकोट यांची, ज्यात बाहेरचं कुणी येत नाही, शिक्षकच भूमिका घेतो आणि प्रेक्षक कुणीच नसतो. चौदाव्या वर्षी यॉर्कशायरच्या लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेली ही मुलगी पुढे न्यूकॅसलला शिक्षकांना शिकवायला लागली. गिरणीचं ऐकलं तेव्हा ही बाई मला जवळची वाटली.

सांगलीत हा फरक समजावणं अवघड जातं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथे नाटक उभं केलं, त्या गावात नाटक म्हणजे पडदा, घंटा आणि प्रयोग. पदविका झाल्याचं कळल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "मग गॅदरिंगचं तुमच्याकडेच ना?" हेडसरांनी विचारलं, "प्रयोग कधी?" प्रयोग नसतो, म्हटलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पालकांना तर काही दाखवायलाच नसतं. प्रवेश घेण्याआधी याचा विचार जरूर करा.

इथपर्यंतचं मी जुलैत लिहिलं होतं. "पैसे वाया गेले" असं शेवटचं वाक्यही लिहून झालं होतं. ते खोडलं आहे. पुढचं सप्टेंबरातलं.

ऑगस्टमध्ये आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. अशा दिवसांत सांगलीत सकाळी एकमेकांना "आयर्विनला किती फूट?" असंच विचारतात, म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे सातवीच्या मुलांना पाढ्यांसारखं पाठ आहे. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा ही मुलं सहा-सात वर्षांची होती. काहीजण तेव्हा माळ्यावर झोपलेली आहेत.

पुराचा पाठ घ्यायचा ठरवलं, पण सांभाळून. मुलांना त्यांचीच आठवण करायला लावायची नाही, हे कोर्समध्ये ठासून सांगितलेलं होतं. मुलांना दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी द्यायची, म्हणजे ती दु:खापासून थोडी लांब उभी राहून विचार करतात. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली होती, त्या बोटीच्या आसपासही जायचं नाही, हे मी स्वतःशी ठरवलं. गाव कल्पनेतलं घेतलं. मुलं बचाव पथक, पूर हाताळण्यातली जाणकार मंडळी. हेथकोटबाई ज्याला मँटल ऑफ द एक्स्पर्ट म्हणत, ते हेच.

आणि बाकं जिथल्या तिथे ठेवली. दीड फुटाची वाट म्हणजे पाणी. बाक म्हणजे घराचा कट्टा. लिहायच्या फळीवर पाय द्यायचा नाही, बसायच्या फळीवर उभं राहायचं. पहिलं बाक ही बोट. मी फळ्यापाशी डोक्यावरून पदर घेतला, हातात घरून आणलेलं दावं धरलं, त्याचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधलं.

"माझी म्हस हितं बांधलीया. मी न्हाई येत."

पहिली पाच मिनिटं मुलांनी मला खूप समजावलं. सरकार भरपाई देईल, जनावरांची छावणी असते, जीव वाचला तर म्हस परत घेता येईल. मी "न्हाई" म्हणत राहिले. वर्गात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एकाही मुलाने वाटेत पाय ठेवला नाही. शेवटच्या रांगेतल्या मुलीची पेन्सिल खाली पडली तर ती उचलायला कुणी उतरेना, पाण्यात पडली होती ना.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उतरला. हा तोंडी परीक्षेतसुद्धा ओठ हलवत नाही. नदीकाठच्या गावचा, शिकायला मामाकडे असतो. दोन्ही हात खांद्याएवढे वर धरून, छातीपर्यंत पाणी असल्यासारखा, सावकाश वाटेतून पुढे आला. माझ्या हातातलं दावं घेतलं, वाकून टेबलाच्या पायाची गाठ सोडली, दावं माझ्या हातात परत दिलं.

"आजी, बांधलेली म्हस बुडती. सोडलेली पवती. दावं सोडा, मग बोटीत बसा."

मला पुढचं वाक्य सुचलं नाही. मी बोटीत जाऊन बसले, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

पदर खाली घेऊन भूमिकेतून बाहेर आल्यावर उरलेला तास मुलांनीच नेला. पाणी तासाला अर्धा फूट चढत असेल आणि आत्ता 38 फूट असेल, तर दावी किती वाजता सोडायची, यावर फळ्यावर गणित सुरू झालं. कुणी म्हणालं, 40 ला सोडायची. कुणी म्हणालं, रात्र पडायच्या आत, मग फूट कितीही असोत. खालचे गणिताचे सर त्या दिवशीही वर आले, या वेळी हाताची घडी घालून घंटा होईपर्यंत थांबले.

आता हिशेब बदलावा लागतो. त्या क्षणी मी बडबडले असते, "शाब्बास" म्हणाले असते, तर सगळं तिथेच मोडलं असतं. गप्प राहायला मला मेच्या शिबिरात शिकवलं. उत्तर आपल्याला आधीपासून माहीत आहे असा एकही प्रश्न वीस मिनिटं विचारायचा नाही, असा सराव होता. मी त्यात तीनदा नापास झाले होते आणि तेव्हा तो पोरखेळ वाटला होता. 56 हजारांतले निम्मे त्या वीस मिनिटांचे धरते. ऑनलाइन शनिवार मात्र ठीकठाकच. प्रेक्षकच मधे उठून प्रसंग बदलतात त्या फोरम थिएटरसारखा मोठा विषय दोन तासांत उरकला, ते सुरू करणाऱ्या ब्राझीलच्या बोआल यांचं नाव आणि सन पाठ झालं, हाताला काही लागलं नाही.

बाकांचं म्हणणं मी मागे घेत नाही. वाट म्हणजे पाणी ही युक्ती मला दोन महिन्यांनी आपली आपण सापडली. तेवढ्यात माझ्याबरोबरच्या, जतकडच्या एका सरांनी हा नाद सोडूनही दिला. त्यांच्या वर्गात 61 मुलं आहेत. ही गोष्ट शिबिरातच कुणी सांगितली असती तर ते टिकले असते. प्रवेश घेणार असाल तर फीच्या आधी विचारा की सराव पाठ कुणाच्या वर्गात होतात, आणि त्या वर्गात बाकं असतात का.

अनामत परवा आली, पाचशे रुपये कापून. कारण "हॉल देखभाल". तो हॉल रोज सकाळी आम्हीच झाडत होतो. मेल केला आहे.

बाकं न हलवता करायच्या तीन मांडण्या मी चौकटीच्या वहीत काढून ठेवल्या आहेत: पाण्याची वाट, बाजाराची गल्ली आणि समोरासमोरची दोन गावं. चौथी अजून जमत नाही. 54 जणांना बसल्या जागेवरून एकमेकांचे चेहरे दिसायला हवेत. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी असते. शिपाईमामांकडून किल्ली घेऊन बसून बघणार आहे.