बंद केबिनचं मचाण करून घेताय? आधी पाइप काट्यावर ठेवा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात धान लोंबीवर आलं की जागल सुरू होते. डुक्कर, चितळ, रोही एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवतात, आणि वाघ-बिबट्याच्या भीतीने आता उघड्या माळ्यावर बसायला कोणी धजत नाही. म्हणून लाकडी माळ्याऐवजी लोखंडी पायांचं, पत्र्याच्या बंद केबिनचं मचाण करून घेण्याकडे कल वाढला. त्याबरोबर फसवणूकही आली.

इथे सांगतोय ते मचाण याच पट्ट्यातल्या एका शेताच्या धुऱ्यावरचं. ६ बाय ६ फुटांची केबिन, ७ फूट उंच, जमिनीपासून तळ १२ फुटांवर. सप्टेंबरात उभं राहिलं आणि पुढच्या जूनमध्ये, मृगाच्या वादळात, पश्चिमेकडचे दोन्ही पाय सिमेंटच्या गोळ्यासकट उपटून आडवं झालं. जागलीचे दिवस नव्हते म्हणून आत कोणी नव्हतं. ऑक्टोबरात हे झालं असतं तर दोन माणसं त्या पत्र्याखाली असती. पडलेलं मचाण कापून, मोजून, वजन करून जे हाती लागलं ते पुढे आहे.

पहिली फसवणूक गेजच्या नावावर. शेतकऱ्याला पायांसाठी ११ गेजचा पाइप पाहिजे होता. वेल्डिंगवाला म्हणाला, "भाऊ, अकरा कशाला, त्याच पैशात चौदा लावतो." आकडा मोठा, म्हणजे माल जाड, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात गेजचा आकडा जितका मोठा तितकी भिंत पातळ. ११ गेज म्हणजे जवळपास ३ मिलिमीटर, १४ म्हणजे २, आणि १६ म्हणजे १.६. या मचाणाचा पाय तळाशी ग्राइंडरने कापला तेव्हा आतून गंजाचं तांबडं पाणी वाटीभर सांडलं. कापलेली कड कानसून व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर भिंत १.६ भरली. म्हणजे बोली चौदाची होती आणि लावला सोळा. गेज हा शब्द सौद्यात येऊच देऊ नका. मिलिमीटरमध्ये बोला आणि कागदावर मिलिमीटरच लिहून घ्या.

रंग लागला की जाडी डोळ्यांना कळत नाही, पण वजन लपत नाही. ५० बाय ५० चा चौकोनी पाइप ६ मीटर लांबीत येतो. ३ मिलिमीटरचा अख्खा पाइप २६ किलोच्या आसपास भरतो, २ चा १८ च्या आसपास, १.६ चा १५ च्याही खाली. गावातल्या धान मोजायच्या काट्यावरही हे समजतं. वर सांगितलेल्या मापाच्या मचाणाला पाय आणि दोन आडव्या चौकटी धरून असे ६ पाइप लागतात. ३ मिलिमीटरचा माल असेल तर निव्वळ पाइपांचं वजन दीडशे किलोच्या वर जायला पाहिजे. कापायच्या आधी, प्रायमर लागायच्या आधी, पाइप मोजून घ्या. वेल्डिंगवाला गाडीच्या काट्याची पावती दाखवत असेल तर रिकाम्या गाडीची पावतीही मागा आणि दोन्हींवरचा गाडीचा नंबर आणि वेळ ताडून पाहा. भरल्या गाडीत माणसं बसवली, रेती ठेवली की किलोच्या किलो वाढतात.

पायांत सांधे निघाले ते वेगळेच. भंगारातले दोन तुकडे जोडून, सांधा ग्राइंडरने घासून, वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता. चारपैकी दोन पायांना असा सांधा होता, तोही जमिनीपासून चार-पाच फुटांवर, म्हणजे पाय वाकायला सगळ्यात सोपी जागा. पायावर वरून खालपर्यंत नखाने टिचक्या मारत गेलं तर लांबीच्या जागी आवाज बद्द होतो. लोहचुंबक फिरवला तर तिथे पकड सैल पडते. एवढं केलं तरी पुरतं.

तिरपे आधार हा असाच मोठा घोटाळा. चारही बाजूंना कैची पाहिजे. इथे दोनच बाजूंना होती आणि तीही २५ बाय ३ च्या पट्टीची. पट्टी ताण घेते, पण दाब आला की धनुष्यासारखी वाकते. तिच्याऐवजी ४० बाय ४० बाय ५ चा अँगल लागतो, मीटरला ३ किलोचा. पट्टी मीटरला ६०० ग्रॅमसुद्धा भरत नाही, यावरून किती माल वाचवला ते समजा. दोनच बाजूंना कैची असली की वर माणूस हलताच मचाण पिळ खातं आणि दर वेळी वेल्डिंगवर झटका बसतो.

आता पाया, कारण हे मचाण पायामुळेच पडलं.

नागपूरसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. त्या वेगाला एका चौरस मीटर पत्र्यावर ११८ किलोच्या आसपास दाब येतो. ६ बाय ७ फुटांची बंद बाजू ३.९ चौरस मीटरची, म्हणजे केबिनवर साडेचारशे किलोचा ढकल. हा ढकल साडेपंधरा फूट उंचीवर बसतो, त्यामुळे वाऱ्याकडचे दोन पाय वर उचलले जातात. पाय सरळ उभे, खालीही ६ फुटांच्याच अंतरावर असतील तर मचाणाचं स्वतःचं वजन वजा जाऊनही उचल प्रत्येक पायाला ४०० किलोच्या वर जाते. तेच पाय खाली ८ फुटांपर्यंत फाकवले तर ती ३०० च्या आसपास येते. उघड्या माळ्याला हा त्रास नव्हता, कारण वारा आरपार जायचा. पत्रा ठोकला की मचाणाचं शीड होतं. लाकडी माळ्याचे खड्डे दीड फुटांचे असायचे म्हणून लोखंडी मचाणालाही तेवढेच पुरतील, हे म्हणणं अज्ञानाचं असेल किंवा लबाडीचं. आपल्या माणसांच्या जिवाला धोका तेवढाच.

या मचाणाचे पाय सरळ होते. खड्डे १ बाय १ फुटाचे, दीड फूट खोल. एका खड्ड्यातल्या काँक्रीटचं वजन १०० किलो. ४०० किलोच्या उचलीला १०० किलोचा गोळा कसा धरणार? पावसाने बांधीची माती लोण्यासारखी झाली की बाजूची पकडही जाते. खड्डा २ बाय २ फुटांचा, ३ फूट खोल पाहिजे. मग गोळा ८०० किलोच्या वर जातो. काळ्या जमिनीत तेवढ्यावर थांबू नका, मुरूम लागेपर्यंत उतरा, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. १:२:४ च्या (सिमेंट, रेती, गिट्टी) मिश्रणाने असे चार खड्डे भरायला ९ पोती सिमेंट लागतं. इथे जेमतेम एका पोत्यात काम उरकलं होतं आणि बिलात ८ लावली होती. खड्डे भरतील त्या दिवशी शेतावर हजर राहा आणि रिकामी पोती मोजा. सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ही.

पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडू देऊ नका. जमिनीच्या रेषेवर पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, लोखंड तिथेच आधी गंजतं. खड्ड्यात बोल्ट गाडून, वर ८ मिलिमीटरची प्लेट बसवून पाय जमिनीच्या अर्धा फूट वर ठेवा. पाइपाची वरची तोंडं झाकण वेल्ड करून बंद करा, नाहीतर पाणी आत साचून भिंत आतून सडते. त्या वाटीभर पाण्याचं कारण तेच.

वेल्डिंग रंगाआधीच तपासा. सांध्यावर तारेचा ब्रश आणि छोटी हातोडी चालवा. काळी पापडी सुटून खाली एकसारखी लाट दिसली तर सांधा बरा आहे. पापडीखाली भोकं, किंवा चार बाजूंपैकी दोनच कोपऱ्यांवर टाके असतील तर पुन्हा मारायला लावा. या मचाणात केबिनचा तळ नुसत्या टाक्यांवर बसवला होता.

तळाला मरीन (पाण्यात टिकणारं) म्हणून दिलेलं १८ मिलिमीटरचं प्लाय कमर्शियल, म्हणजे साधं निघालं. तुकडा पातेल्यात तास-दोन तास उकळला की कमर्शियलचे पापुद्रे सुटायला लागतात, मरीन टिकून राहतं. पत्रा ०.५० मिलिमीटरचा म्हणून ०.३५ चा होता आणि स्क्रूखाली रबरी वॉशर नव्हते.

काही विक्रेते भाव फुगवायला "वरून चितळ मारता येईल, परवान्याचं आम्ही बघतो" असंही सुचवतात. असा माणूस दारातूनच परत पाठवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरला आहे, आणि मचाण तुमच्या शेतात असल्यावर चौकशीत आधी नाव तुमचंच येईल. मचाण राखणीसाठी आहे.

"बिल नको म्हणा, १८ टक्के वाचतील" हे वाक्य आलं की सावध व्हा. बिलाशिवाय तक्रार फार लंगडी पडते. बिलावर पाइपाची मिलिमीटरमध्ये जाडी, अँगलचं माप, खड्ड्याचं माप आणि सिमेंटची पोती लिहून घ्या. आगाऊ पैसे निम्मे देऊ नका. माल मोजल्यावर एक भाग, पाया भरल्यावर दुसरा आणि शेवटचे २० टक्के मचाण उभं झाल्यावर महिनाभराने, असं ठरवा. फसलाच असाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, पण कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाद मागावी लागते. मचाण पाडायच्या किंवा दुरुस्त करायच्या आधी खड्ड्याचे, सांध्यांचे आणि कापलेल्या पाइपाच्या कडेचे फोटो व्हर्नियरसकट काढून ठेवा.

ज्यांचं असं मचाण आजही उभं आहे त्यांनी चार कोपऱ्यांतून ८ मिलिमीटरच्या तारदोराचे ताण द्यावेत, जमिनीशी ४५ अंशांत, प्रत्येक ताण वेगळ्या २ बाय २ बाय ३ फुटांच्या काँक्रीटला बांधून. ताण झाडाला बांधू नका, झाड वाऱ्यात हलतं आणि मचाणालाही हलवतं. दोन बाजूंचे पत्रे कमरेच्या वर काढून तिथे वेल्डेड जाळी लावली तर वारा आरपार जातो. एवढं होईपर्यंत ढग भरून आले की वर कोणी राहू नये, धान गेलं तरी चालेल.